रेल्वे क्रॉसिंगवरच्या अपघातांचं भाकीत: ९८ टक्के ॲक्युरसी आली, तरी खटकतंय का?

प्रश्न थोडक्यात असा. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी तुम्ही अमेरिकेच्या फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशनचा (पुढे नुसतं एफआरए म्हणतो) खुला डेटा उतरवून घेतला. एका राज्यातली ६०० सार्वजनिक क्रॉसिंग (रस्ता जिथे रूळ ओलांडतो त्या जागा) निवडली, प्रत्येकाची पाच वर्षं घेतली, म्हणजे ३,००० ओळी झाल्या. त्यांतल्या साधारण ६० ओळींत अपघात आहे. कोणत्या क्रॉसिंगवर कोणत्या वर्षी अपघात होईल हे सांगणारं रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचं मिळून बनलेलं मॉडेल) बांधलं, ॲक्युरसी ९८ टक्के आली. सर खूश आहेत, पण तुम्हाला काहीतरी खटकतंय. शिवाय दुसरा प्रश्न: हेच मॉडेल महाराष्ट्रातल्या फाटकांना लावता येईल का?

खटकतंय ते बरोबरच खटकतंय. ३,००० पैकी २,९४० ओळी कोऱ्या आहेत. डोळे मिटून प्रत्येक ओळीपुढे 'अपघात नाही' लिहीत गेलात तरी ९८ टक्के उत्तरं बरोबर येतील. तुमचं मॉडेल बहुधा नेमकं तेच करतंय. कन्फ्युजन मॅट्रिक्स (मॉडेलची कोणती उत्तरं बरोबर, कोणती चूक याचा तक्ता) उघडा आणि त्या ६० पैकी किती अपघात त्याने पकडले तेवढं बघा. आकडा शून्य किंवा एक-दोन निघाला तर आश्चर्य मानू नका, आणि मॉडेलला शिव्याही देऊ नका. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे.

मी या आकडेमोडीत बावीस वर्षं आहे. सुरुवातीची काही वर्षं भारतात रस्ते-वाहतुकीच्या कामात गेली, नंतर अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये. इतक्या वर्षांत एकाही अधिकाऱ्याने मला 'पुढच्या वर्षी अपघात कुठे होणार' असं विचारलेलं नाही. ते विचारतात, 'या वर्षी एवढे पैसे आहेत, कुठे घालू?' अमेरिकेत 'सेक्शन १३०' नावाच्या योजनेतून क्रॉसिंगच्या सुधारणांसाठी राज्यांना मिळून वर्षाला २४.५ कोटी डॉलर मिळतात. ऐकायला रक्कम मोठी वाटते, पण एका क्रॉसिंगवर दिवे आणि गेट बसवायलाच काही लाख डॉलर लागतात आणि क्रॉसिंग दोन लाखांच्या वर आहेत. तेव्हा खरं काम क्रम लावण्याचं आहे. प्रत्येक क्रॉसिंगपुढे 'वर्षाला अपेक्षित अपघात इतके' असा एक अपूर्णांक लिहायचा आणि यादी उतरत्या क्रमाने लावायची. 'होईल' किंवा 'नाही होणार' असं उत्तर मागणारं मॉडेल या कामाला निरुपयोगी आहे.

मग मॉडेल कशाला, ज्या क्रॉसिंगवर जास्त अपघात झाले तीच यादीत वर घ्या, असं कोणीही म्हणेल. हा मोह फार जुना आहे. तुमच्याच आकड्यांवर एक प्रयोग करू. समजा ६०० च्या ६०० क्रॉसिंग अगदी सारखी धोकादायक आहेत आणि प्रत्येकावर वर्षाला ०.०२ अपघात अपेक्षित आहेत. पाच वर्षांत प्रत्येकी ०.१ झाले. प्वासाँ वितरणाने (विरळ घटना योगायोगाने कशा विखुरतात ते सांगणाऱ्या सूत्राने) हिशेब केला तर सुमारे ५४३ क्रॉसिंगवर एकही अपघात होणार नाही, ५४ वर एक होईल आणि जवळजवळ ३ वर दोन किंवा जास्त होतील. धोका सगळीकडे सारखाच आहे, हे लक्षात ठेवून त्या तिघांकडे बघा. स्थानिक पेपर त्यांना 'मृत्यूचा सापळा' म्हणेल, सरपंच निवेदन देईल, आपण तिथे गेट बसवू, पुढच्या पाच वर्षांत तिथे अपघात होणार नाही आणि श्रेय गेटला जाईल. गेट बसवलं नसतं तरी बहुतेक तसंच झालं असतं. याला रिग्रेशन टू द मीन, म्हणजे सरासरीकडे परतणं, म्हणतात. आमच्या क्षेत्रातले अर्धेअधिक 'यशस्वी उपाय' याच खात्यात जमा होतात, असं माझं मत आहे.

म्हणजे नुसता इतिहास फसवतो. नुसतं सूत्रही फसवतं, कारण सूत्राला न दिसणारं बरंच काही त्या जागेवर असतं. एफआरएने वर्षानुवर्षं वापरलेलं सूत्र या दोन्हींची सांगड घालतं, आणि ती रीत तुम्ही हाताने एकदा करून बघाच.

आधी क्रॉसिंगच्या गुणांवरून एक अंदाज काढायचा: रेल्वेगाड्या किती, रस्त्यावरची वाहनं किती, रूळ किती, रेल्वेगाडीचा वेग, रस्ता डांबरी की कच्चा, वगैरे. या अंदाजाला 'अ' म्हणू. मग १ भागिले (०.०५ + अ) करायचं. जो आकडा येईल तेवढ्या वर्षांच्या अनुभवाइतकं वजन त्या अंदाजाला द्यायचं. शेवटी प्रत्यक्ष इतिहास त्यात मिसळायचा.

शेतातून जाणारं एक क्रॉसिंग घ्या. अ = ०.०२. १ भागिले ०.०७ म्हणजे १४.३ वर्षं. १४.३ वर्षं गुणिले ०.०२ म्हणजे ०.२८६ 'कागदावरचे' अपघात. प्रत्यक्ष पाच वर्षांत एक झाला. एकूण १.२८६ अपघात, १९.३ वर्षांत. वर्षाला ०.०६७.

आता गावातलं गजबजलेलं क्रॉसिंग. अ = ०.१५. १ भागिले ०.२० म्हणजे ५ वर्षं. कागदावरचे अपघात ०.७५, प्रत्यक्ष शून्य. ०.७५ भागिले १० वर्षं, म्हणजे ०.०७५.

म्हणजे एकही अपघात न झालेलं क्रॉसिंग अपघात झालेल्या क्रॉसिंगच्या वर बसलं. हा तक्ता मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी करायला देतो, आणि इथेच तो एकदा तरी 'सर, गणित चुकलंय' म्हणतो. गणित बरोबर आहे. पाच वर्षं हा इतका लहान काळ आहे की त्यातल्या शून्याला फारसा अर्थ नसतो. त्याच वेळी शेतातल्या क्रॉसिंगचा अंदाज एका अपघाताने तिपटीहून जास्त वर गेला, म्हणजे इतिहासाकडे दुर्लक्षही झालेलं नाही. संख्याशास्त्रात या मिसळण्याला एम्पिरिकल बेज म्हणतात. २०२० मध्ये एफआरएने नवं मॉडेल आणलं, त्यात झिरो-इन्फ्लेटेड नेगेटिव्ह बायनॉमियल (शून्यांचा भरणा असलेल्या मोजणीसाठीचं संख्याशास्त्रीय मॉडेल) आहे, पण मिसळण्याचं तत्त्व कायम आहे. तुम्ही आर किंवा पायथनमध्ये साधं नेगेटिव्ह बायनॉमियल चालवून त्यावर एम्पिरिकल बेज लावलंत तरी प्रकल्प उभा राहील. रँडम फॉरेस्ट ठेवायचंच असेल तर त्याच्याकडून 'होईल' की 'नाही' असा वर्ग मागू नका, अपघातांची अपेक्षित संख्या मागा.

आता डेटातल्या खाचखळग्यांकडे येतो. माझा अनुभव असा की मॉडेल कोणतं यापेक्षा इथेच जास्त प्रकल्प बुडतात.

एक मोठा सापळा: क्रॉसिंगची इन्व्हेंटरी (कोणत्या क्रॉसिंगवर काय आहे याची नोंदवही) तुम्ही आज उतरवली, अपघात मात्र तीन-चार वर्षांपूर्वीचे. अपघातानंतर तिथे गेट बसलं असेल तर आजच्या नोंदीत गेट आहे. मग मॉडेल शिकतं की गेट असलेल्या जागी अपघात होतात! इन्व्हेंटरीतल्या बदलांचा इतिहास मिळतो. अपघाताच्या दिवशी तिथे काय होतं ते त्यातून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

हे दुरुस्त केल्यावरही गेटवाल्या क्रॉसिंगवर अपघात जास्तच दिसतील, आणि त्याचं कारण वेगळं आहे: गेट बसवतातच मुळी गजबजलेल्या ठिकाणी. आयसीयूत मृत्यू जास्त होतात म्हणून आयसीयू बंद करा असं कोणी म्हणत नाही, तसंच हे. न्यू हॅम्पशायरचा जुना निर्देशांक तर सरळच मांडतो: वाहनं गुणिले गाड्या गुणिले संरक्षणाचा गुणक, आणि हा गुणक नुसत्या पाटीला १, चमकत्या दिव्यांना ०.६, स्वयंचलित गेटला ०.१. एफआरएच्या जुन्या सूत्राने पाटी, दिवे आणि गेट यांची तीन वेगळी समीकरणंच केली, ती याच भानगडीमुळे.

वाहनं आणि गाड्या यांच्या गुणाकाराबद्दलही एक सांगायला हवं. अंगभूत समज अशी की गुणाकार दुप्पट झाला की धोका दुप्पट. तसं होत नाही. एफआरएच्या त्या सूत्रात नुसती पाटी असलेल्या क्रॉसिंगसाठी या गुणाकाराचा घात ०.३७ आहे. रहदारी दुप्पट केली तर धोका सुमारे १.३ पट होतो. गेटवाल्यांसाठी घात ०.२९४२, म्हणजे वाढ आणखी कमी. गर्दीच्या रस्त्यावर पुढचं वाहन थांबलेलं दिसतं म्हणून मागचं थांबतं. ओसाड रस्त्यावर माणूस 'इथे गाडी कधी येतच नाही' या भरवशावर जातो. हे स्पष्टीकरण माझं आहे, घात मात्र आकड्यांतून आलेला आहे. तुमच्या मॉडेलमध्ये हा चल लॉगरिदम घेऊन घाला.

आणखी एक तपासा. ट्रेन-टेस्ट विभागणी (कोणत्या ओळींवर मॉडेल शिकवायचं आणि कोणत्यांवर तपासायचं) तुम्ही ओळी पिसून केली असेल. तसं केलं की एकाच क्रॉसिंगची २०२१ ची ओळ ट्रेनिंगमध्ये जाते आणि २०२२ ची टेस्टमध्ये. अक्षांश-रेखांश, वेग, रूळ सगळं तेच. फॉरेस्ट जागा पाठ करतं. त्यापेक्षा पहिल्या वर्षांवर मॉडेल बांधा आणि शेवटचं वर्ष बाजूला ठेवा. ते वर्ष आलं की एवढंच विचारा: यादीतल्या वरच्या १० टक्के क्रॉसिंगवर त्या वर्षाच्या अपघातांपैकी किती झाले? तिसरा हिस्सा सापडला तर मी समाधानी असतो. पण ६०० क्रॉसिंगवर एका वर्षाला १२ च अपघात, त्यातले ४ सापडले की ५, यावरून काही ठरत नाही. डेटा फुकट आहे, पाच-सहा राज्यं घ्या.

आता सूत्राला जे दिसत नाही त्याकडे.

२५ ऑक्टोबर १९९५ रोजी इलिनॉय राज्यातल्या फॉक्स रिव्हर ग्रोव्ह इथे एक स्कूलबस रूळ ओलांडून पुढच्या चौकातल्या लाल सिग्नलला थांबली. रूळ आणि चौक यांच्यातली जागा बसपेक्षा तोकडी होती. बसचं मागचं टोक रुळांवर राहिलं आणि लोकल गाडीने तिला उडवलं. सात विद्यार्थी गेले. दिवे होते, गेट होतं, ड्रायव्हर रूळ ओलांडून गेलीही होती. रहदारी, वेग, रूळ यांवर चालणाऱ्या सूत्राला रूळ आणि सिग्नल यांच्यातलं अंतर माहीतच नसतं. २७ जून २०२२ ला मिझुरीत मेंडनजवळ ॲमट्रॅकची प्रवासी गाडी डंपरवर आदळून रुळांवरून घसरली, चार जण मेले. तिथे फक्त पाटी होती, रस्त्याचा चढ तीव्र होता आणि रस्ता रुळांना तिरका होता. रहदारी अगदी किरकोळ. ते क्रॉसिंग सुधारायचं असं आधीच ठरलेलं होतं, काम व्हायचं बाकी होतं.

म्हणून यादी तयार झाली की वरची पन्नास क्रॉसिंग मी स्वतः जाऊन बघतो, आणि खालच्या भागातून दहा-पंधरा चिठ्ठ्या टाकून निवडतो. अशाच एका चिठ्ठीत एक छोटं गाव निघालं. कागदावर दिवसाला जेमतेम काहीशे वाहनं, अपघात शून्य. गेलो तो ऑक्टोबर होता, मक्याची कापणी चालू. रुळांपलीकडे धान्याची उंच कोठारं आणि त्यांच्या वजनकाट्यापुढे ट्रकची रांग. रांगेची शेपटी बरोबर रुळांवर. मी कॉफीचा कप घेऊन चाळीस मिनिटं उभा राहिलो. तेवढ्यात सात ट्रक ट्रेलरसकट रुळांवर थांबले. त्यांतला एक ड्रायव्हर तर इंजिन बंद करून निवांत सँडविच खात होता. रहदारीची मोजणी जूनमध्ये झाली होती. तिथे गेट बसवून काय उपयोग? आम्ही वजनकाट्याची वाट दुसऱ्या बाजूने फिरवायला लावली.

हे लिहिताना पश्चिम महाराष्ट्रातला गळीत हंगाम डोळ्यांपुढे येतो, म्हणून आता तुमचा दुसरा प्रश्न.

मॉडेल उचलून महाराष्ट्रात लावता येणार नाही. डेटा वेगळा आहे हे एक कारण झालंच, पण अपघात घडण्याची तऱ्हाच वेगळी आहे. अमेरिकेत गाडी यायच्या किमान २० सेकंद आधी इशारा सुरू व्हावा लागतो. गेट बहुतेक ठिकाणी अर्ध्या रस्त्यापुरतंच असतं, माणूस नसतो. मग घाईतला माणूस नागमोडी वळण घेऊन गेटला बगल देतो. आपल्याकडे फाटक पूर्ण रस्ताभर, गेटमन हजर, आणि फाटक गाडीच्या कित्येक मिनिटं आधी पडतं. दोन्ही बाजूंना दुचाकी रस्त्याची पूर्ण रुंदी अडवून उभ्या राहतात, फाटक उघडलं की दोन्ही फौजा समोरासमोर येतात आणि मधल्या ट्रॅक्टरला पुढेही जाता येत नाही, मागेही नाही. अमेरिकेच्या डेटात या प्रसंगाला रकानाच नाही.

भारतात धोक्याचं माप म्हणून टीव्हीयू (ट्रेन व्हेईकल युनिट) वापरतात: २४ तासांतल्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहन-एकके. मोटार, बैलगाडी, टांगा एक एकक, रिक्षा अर्धं. एक लाख टीव्हीयू झाले की उड्डाणपुलाचा विचार, असा ठोकताळा. हा सरळ गुणाकार आहे, घात एक. त्यामुळे शहरातली फाटकं नेहमी वर येतात आणि आडबाजूची खाली राहतात. २००५ च्या फेब्रुवारीत नागपूरजवळ कन्हान भागात वऱ्हाडाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला गाडीने धडक दिली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. ते बिनपहाऱ्याचं क्रॉसिंग होतं. रेल्वे सुरक्षेवरच्या काकोडकर समितीने २०१२ मध्ये सगळीच लेव्हल क्रॉसिंग पाच वर्षांत हटवा, ५० हजार कोटी लागतील, असं सुचवलं, तेव्हा क्रम लावण्याच्या माझ्या धंद्यालाच तिने सुट्टी दिली होती! तेवढं झालं नाही, पण ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची क्रॉसिंग ३१ जानेवारी २०१९ पर्यंत संपवली गेली.

यानंतर उरलेल्या पहाऱ्याच्या फाटकांवर अपघात इतके कमी आहेत की अपघातांच्या संख्येवर मॉडेल बांधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. उरलेला धोका गेटमन आणि स्टेशन मास्तर यांच्यातल्या देवाणघेवाणीत आहे: फोन, खासगी नंबर (फाटक बंद झाल्याची खूण म्हणून गेटमनने सांगायचा आकडा), फाटक खरंच बंद आहे का. फाटक इंटरलॉक असेल तर ते बंद झाल्याशिवाय सिग्नलच मिळत नाही. नसेल तर सगळी भिस्त माणसावर. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पम इथे स्कूलव्हॅनला गाडीने धडक दिली, तीन विद्यार्थी गेले. ते फाटक इंटरलॉक नव्हतं. त्यानंतर रेल्वेने इंटरलॉकिंगसाठीची टीव्हीयूची मर्यादा २० हजारांवरून १० हजारांवर आणली.

म्हणून महाराष्ट्रावर काम करायचं असेल तर अपघात सोडा आणि त्याच्या आधीच्या घटना मोजा. वाहनाने फाटकाचा दांडा तोडल्याच्या नोंदी मिळतात का बघा. परवानगी मिळाली तर एखाद्या फाटकावर आठवडाभर बसा: फाटक किती वेळ बंद, बंद करायला सुरुवात केल्यावर किती वाहनं घुसली, उघडल्यावर रूळ मोकळा व्हायला किती सेकंद लागले. किती मिनिटांनंतर लोक दांड्याखालून दुचाकी वाकवून काढायला लागतात, याचा आलेख तुम्ही काढलात तर तो मला नक्की दाखवा. आणि मोजणी हंगाम बघून करा. कारखान्याच्या वाटेवरच्या फाटकावर जूनमध्ये बसलात तर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर दिसणारच नाही. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २८ मीटर कापते. भरलेल्या जोडट्रॉलीला रूळ ओलांडायला १२ सेकंद लागले तर गाडी तेवढ्यात साडेतीनशे मीटरच्या आसपास आलेली असते, आणि रुळांची वर आलेली उंची चढताना जोडट्रॉली १२ सेकंदांत निघेलच असं नाही.

दोन प्रश्न एकाच प्रबंधात कोंबू नका, एवढं नक्की. वेळ सहा महिनेच असेल तर अमेरिकी डेटावर क्रम लावण्याचं काम करा, आधी अपघाताच्या दिवशीची इन्व्हेंटरी जुळवून घ्या आणि मग नेगेटिव्ह बायनॉमियल, एम्पिरिकल बेज, शेवटच्या वर्षाची परीक्षा याच क्रमाने जा. आणि हो, त्या इन्व्हेंटरीत रहदारीच्या आकड्याशेजारी तो कोणत्या वर्षी मोजला याचा वेगळा रकाना आहे. बहुतेक जण तो वगळून टाकतात. आज रात्री पहिल्यांदा तोच उघडा. तुमच्या ६०० पैकी किती क्रॉसिंगची मोजणी वीस वर्षांहून जुनी आहे ते कळलं की बाकीचं वेळापत्रक आपोआप बदलेल.